संगीत नाटकाचा दौरा काढताय? मुख्य भूमिका देताना या चुका टाळा

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत आमच्या 'सौभद्र'चा चौथा प्रयोग होता. दुसऱ्या अंकाच्या आधी आमचा अर्जुन विंगेतून वाकून मला म्हणाला, "मास्तर, आज काळी एक धरा." तालमी सगळ्या काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून झालेल्या; काळी एक म्हणजे त्याच्या एक स्वर खाली. पेटीवर स्वर बदलणं हे क्षणाचं काम. तबलजीनं मात्र हातोडी काढली आणि तबल्याच्या कडेचे लाकडी गठ्ठे वर ठोकायला घेतले. पुढे संवाद चालू आणि इकडे ठक ठक. उतरवलेला तबला सैल पडला, बद्द बोलायला लागला. एवढं करूनही अंतऱ्यातल्या वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला अर्जुनाचा आवाज फाटलाच. मागच्या बायका झोपलेली पोरं खांद्यावर टाकून घरी निघाल्या. प्रयोग संपल्यावर तो खोबरेल तेलानं तोंडाचा रंग पुसत होता आणि रडत होता. मी शेजारीच बसलो होतो. चूक त्याची नव्हतीच. तीन महिन्यांपूर्वी एका घरच्या माडीवर चहा पिता पिता, एक पद ऐकून आम्हीच त्याला निवडलं होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या हौशी मंडळांबरोबर मी पेटी वाजवतो. दिवाळीनंतर दौरे सुरू होतात ते मे महिन्यातल्या यात्रा संपेपर्यंत चालतात. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं, ते १८४३ साली आपल्याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला जन्मले. त्यांच्या गावाकडं तरी ही नाटकं नीट व्हावीत, एवढ्यासाठी हे लिहितोय.

बैठकीतला गळा आणि दौऱ्यातला गळा एकच समजणं

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. बैठकीत गाणारा माणूस पाणी पिऊन, तंबोऱ्याशी स्वर लावून गातो. नाटकात अर्जुन आधी दहा मिनिटं मोकळ्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलतो, आणि त्याच श्वासावर पद उचलतो. गळा गाण्यानं बसत नाही, गद्यानं बसतो. गाणं शिकलेल्या पुष्कळांना बोलायला कुणी शिकवलेलंच नसतं. ते गळ्यातून ओरडतात आणि तिसऱ्या अंकापर्यंत सगळं खर्च करून मोकळे होतात.

म्हणून निवड करताना पद शेवटी ऐका. आधी पानभर गद्य उभ्यानं बोलायला सांगा, तेही माडीवर नाही, शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी, माईकशिवाय. तुम्ही तीस पावलं लांब उभे राहा. गद्य संपलं की पाणी न देता पद सुरू करायला लावा आणि वरच्या षड्जावर कान ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हेच परत करा. जो दुसऱ्या दिवशीही पोचतो, तो दौऱ्याचा माणूस. पहिल्या दिवशी थक्क करणारे आणि दुसऱ्या दिवशी खाकरणारे मी बरेच पाहिलेत.

परीक्षा एवढी कडक का, तर आपला मुलूखच गळ्याला कडक आहे. खानापूरच्या रानपट्ट्यात जानेवारीत मध्यरात्रीनंतर दव पडतं, पडदासुद्धा ओला लागतो. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ मुक्काम पडला तर खकाण्यानं नाकातोंडात ठसका बसतो. संकेश्वरला मिरचीच्या दिवसांत तीच गत. त्यात प्रयोग संपल्यावर उघड्या टेम्पोत सामानावर बसून रात्रीचा प्रवास. नायकाला टेम्पोत मागं बसवू नका. कान बांधून त्याला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवा आणि गप्पा मारू देऊ नका. कुजबुजल्यानं गळ्याला आराम मिळतो असं वाटतं, पण त्यानंही तो शिणतोच.

वर्गणी बघून भूमिका देणं

यावर लांबण लावत नाही. जास्त पैसे देणाऱ्याला नायक करायची पद्धत गावोगाव आहे. त्या पैशाशिवाय कितीतरी नाटकं उभीच राहणार नाहीत, हेही मला माहीत आहे. त्याला सूत्रधार द्या, नारळ फोडायचा मान द्या, हस्तपत्रिकेवर नाव पहिलं घाला. पण ज्याच्यावर पंधरा-वीस पदं आहेत, ती भूमिका विकू नका.

नायिकेची पट्टी न विचारता नायक ठरवणं

आपल्याकडं स्त्री कलाकार बऱ्याच वेळा बाहेरून येतात. कोल्हापूर, मिरज, गोवा. प्रयोगाच्या दिवशी दुपारी उतरतात, एक धावती तालीम होते आणि रात्री तोंडाला रंग. त्यात गडबड होते ती पट्टीची, म्हणजे कोण कुठला स्वर 'सा' धरून गातं याची. बाईंची काळी चार आणि आपल्या नायकाची काळी दोन असेल, तर एकापाठोपाठ एक येणाऱ्या पदांत तबलजीचे हाल होतात. तोच नायक काळी एकमध्ये खुलत असेल तर काम सोपं. काळी एकचा पंचम, म्हणजे 'प', म्हणजेच काळी चार. बाईंच्या षड्जाला लावलेला तबला नायकाच्या पंचमाला आपोआप बसतो, एकाच तबल्यावर दोघं निभावतात. काळी दोनला काळी चार हा मध्यम, म्हणजे 'म' पडतो, आणि मध्यमाला लावलेला तबला प्रत्येक रागात चालत नाही. मग दोन तबले लावून ठेवण्याशिवाय गत्यंतर नाही.

हे सगळं एका फोनवर कळतं. "बाई, पट्टी कुठली वो तुमची?" एवढंच विचारायचं. गाण्याच्या दोन ओळी मोबाईलवर मागवून घ्या आणि तालमीत नायकाला त्यांवर गायला बसवा.

कानडी घरातला मुलगा म्हणून नाकारणं

हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. "गातो छान, पण चांगला म्हणताना च्यांगला म्हणतो," म्हणून चांगला गळा परत पाठवलेला मी पाहिलाय. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, कानडीत ते एकच, तालव्य. म्हणून जीभ तिकडं वळते. दीड महिना रोज अर्धा तास गद्य मोठ्यानं वाचून घेतलं की हे सुधारतं. आपल्या मराठी घरातल्या पोरांचं "न्हाई" आणि "हाय की" आपण तालमीत सुधारतोच ना? ज्याला दम नाही त्याला दीड महिन्यात दम येत नाही, उच्चार मात्र येतो. निवडताना हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

नाट्यसंगीतानं इथं कधी भाषेची वेस मानलेली नाही. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श ही नाटक मंडळी १९०८ साली निघाली ती हुबळीत. कुमार गंधर्व जन्मले सुळेभावीच्या कानडी घरात, आणि बालगंधर्वांची पदं त्यांनी कशी गायली हे सगळा महाराष्ट्र जाणतो. यात्रेत समोर बसणारे निम्मे लोक कानडी बोलणारे असतात. त्यांना संस्कृतप्रचुर संवादातलं थोडं निसटत असेल, पण स्वर कुठं हलला हे त्यांना आधी कळतं.

दौऱ्यात लक्षात आलं तर काय करायचं

आधी नीट ओळखा. पहिल्या अंकात आवाज खणखणीत आणि तिसऱ्यात बसलेला, तर तक्रार गद्याची आहे. पहिल्या पदापासूनच वरचा स्वर टाचा उंचावून घ्यावा लागतोय, तर पट्टी चुकली आहे. गाणं सुरेल, तरी लोक चहाला उठतायत, तर भूमिका चुकली आहे. तिन्हींना आलं-मध हे एकच औषध देऊन भागत नाही.

गद्याची तक्रार असेल तर संवाद कापा. पहिल्या अंकातली लांब भाषणं निम्मी केली तरी लोकांचं काही बिघडत नाही. पट्टी चुकली असेल तर दुपारीच उतरवा, तबला त्या पट्टीचा मागवा, आणि एका स्वराच्या खाली जाऊ नका, नाहीतर मंद्रातल्या जागा ऐकूच येणार नाहीत. ताना गाळा, अंतरा एकदाच म्हणा, मुखडा मात्र पूर्ण ठेवा, कारण लोक मुखडाच ओळखतात. 'वन्स मोअर' आला तर घ्यायचा की नाही, हे पेटीवाल्यानं ठरवावं. नायकानं माझ्याकडं बघायचं. मी भाता उघडा ठेवला तर पुढं, मिटला तर नमस्कार करून संवादावर, अशी आमची खूण आहे. आवाज कमी पडतो म्हणून माईक वाढवू नका. फाटलेला स्वर फक्त मोठा होऊन घुमतो.

भूमिकाच चुकली असेल तर ती बदला, आणि लवकर बदला. आमच्या त्या अर्जुनाचं आम्ही तेच केलं. पाचव्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी, देवळाच्या कट्ट्यावर, आमच्या मंडळातले सर्वांत वडीलधारे तात्या त्याला बाजूला घेऊन बसले. प्रयोग संपल्यावर चारचौघांत किंवा रंगभूषेच्या आरशासमोर असलं कधी बोलू नये. तात्या म्हणाले, "बाळ, तुझा आवाज बलरामाचा हाय. अर्जुन आम्ही तुझ्या गळ्यात बांधला, ती आमची चूक." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तात्या, बलरामाचे संवाद मला पाठ हाईत." बलरामाला गायचं थोडं आणि गरजायचं फार. त्या रात्री त्याचा संताप बघून पुढच्या रांगेतली पोरं मागं सरकली. अर्जुनाला तोपर्यंत बलराम करणारा मुलगा उभा राहिला. पदं त्याला तालमी ऐकून ऐकून येत होती, संवाद चिठ्ठीवर निभावले. पुढचे सहा प्रयोग आम्ही त्याच पात्रयोजनेवर केले.

यावरून आता आमच्याकडं पहिल्या तालमीपासून नायकाची पदं दोघांना बसवतात. दुसऱ्याला नुसतं विंगेत बसवून ठेवत नाही, निदान दोन तालमी त्याच्या नावावर पूर्ण करून घेतो.

राहिला तो बॅनरचा प्रश्न. यात्रा कमिटी महिनाभर आधी चौकात फलक लावते, त्यावर नायकाचा भला मोठा फोटो, आणि मग बदल करायचा म्हटलं की कमिटी अडून बसते. फलकावर नाटकाचं, मंडळाचं आणि संगीत साथीचं नाव द्या, पात्रांचे फोटो देऊ नका. फोटो आधीच लागला असेल तर नांदी झाल्यावर सूत्रधाराकडून बदल जाहीर करा, ज्यानं भूमिका सोडली त्याचं नाव आदरानं आधी घ्या, आणि त्याला त्याच्या नव्या वेषात क्षणभर पुढं आणून नमस्कार करू द्या. आमच्या बलरामाला त्या नमस्कारालाच टाळ्या पडल्या होत्या.