द्राक्षबाग काढताय? आधी मातीतल्या तांब्याचा हिशेब करा

ज्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) कालवलं, पिंपं धुतली, तिथली माती एकदा वाकून पाहा. ढेकळांवर निळसर-हिरवी झाक दिसेल आणि भर पावसाळ्यातही तिथे गवत धड वाढत नाही. बागेच्या ओळींखाली तेच तांबं साचतंय, फक्त थोडं थोडं. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात जुनी बाग काढून खरिपात सोयाबीन, भाजीपाला किंवा नवी लागण करणार असाल, तर नांगर घालण्याआधी हे नक्की वाचा.

मोरचुदात (कॉपर सल्फेट) साधारण २५ टक्के तांबं असतं. एक टक्का बोर्डो हेक्टरी १००० लिटर मारलं, की १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबं गेलं. वरच्या १५ सेंटिमीटर थरात हेक्टरी सुमारे २० लाख किलो माती धरली, तर ते सगळं मातीत उतरल्यावर एका फवारणीने सव्वा पीपीएमची (दहा लाख भागांत सव्वा भाग) भर पडते. ते कुजत नाही, पावसाने फारसं खालीही जात नाही. पंधरा-वीस वर्षांचा आकडा तुमच्याच वहीतून काढा. युरोपीय संघाने ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, ती याच साठ्याच्या काळजीने.

वेलीची मुळं खोल जातात, त्यामुळे बागेत त्रास फारसा जाणवत नाही. तो भोगते मागून येणारी मेथी, कांदा, सोयाबीन, ज्यांची कोवळी मुळं वीतभर थरातच असतात.

मुळात होतं काय? तांबं आधी मुळाच्या टोकाला धरतं. टोकाची वाढ थांबते, ते तपकिरी पडतं, बाजूची मुळं आखूड आणि जाड होतात, केसमुळं कमी होतात. पेशीत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. त्यांना आवरायला झाडाकडे स्वतःची विकरं (एन्झाइम) असतात: सुपरऑक्साइड डिसम्युटेज त्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, कॅटालेज आणि पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात. ताण बेताचा असेल तर ही विकरं वाढतात आणि रोप तगतं. पण मोकळं तांबं त्याच पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक हे सगळ्यात घातक रूप तयार करतं, आणि त्याला मोडणारं विकर झाडाकडे नाही. पेशीचं आवरण फुटतं, पालाश बाहेर झिरपतं. दुसरीकडे पेरॉक्सिडेज पेशीभित्ती कडक करतं, त्यामुळे मूळ वाचलं तरी लांबत नाही. ताण फार वाढला की विकरंही ढासळतात. वर दिसतं ते एवढंच: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. आपण लोहाची कमतरता म्हणून खत टाकत राहतो, आणि मूळ ते उचलतच नाही.

अशा वेळी 'अँटिऑक्सिडंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या टॉनिकवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ तांब्यात बुडालेलं असताना पानावर काय मारलं याने फार फरक पडत नाही.

त्याऐवजी दोन कुंड्या घ्या. एकीत वेलीच्या ओळीखालची माती, दुसरीत त्याच शिवारातली, कधी फवारणी न झालेली तशीच माती. दोन्हींत मूग टाका, सारखं पाणी द्या. दहा-बारा दिवसांनी रोपं पाण्यात भिजवून अलगद सोडवा आणि मुळं शेजारी शेजारी ठेवून बघा. मूळच फुगून झालेल्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमीचा (मुळं पोखरणाऱ्या बारीक किड्यांचा) संशय घ्या; मुगाच्या मुळाला बाजूने चिकटलेल्या, सहज सुटणाऱ्या नत्राच्या गाठी त्यात धरू नका. फुगलेल्या गाठी नाहीत पण मुळं आखूड, तपकिरी असतील तर तांब्याचा. खारवट जमिनीतही मुळं खुंटतात, म्हणून क्षारताही तपासून घ्या.

माती परीक्षणाला नमुने वेगवेगळे द्या: ओळीखालचा, दोन ओळींमधला आणि न फवारलेल्या जागेचा. अहवालात तांब्यापुढे 'पुरेसे' लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. ती पातळी कमतरतेसाठी, ०.२ पीपीएमच्या आसपास ठरवलेली आहे. जास्तीचा इशारा त्यात नसतो. एकूण तांबंही मोजून मागा आणि न फवारलेल्या जागेशी ताडून पाहा.

तांबं जास्त निघालं तर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर द्या, ते तांबं धरून ठेवतं. जमीन खोल असेल तर खोल नांगरटीने वरचा थर खालच्या मातीत मिसळून पातळ होतो; पण खाली मुरूम किंवा चुनखडी असेल तर हे करू नका. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू (पीएच) जास्त असल्याने बरंच तांबं अडकून राहतं, ही जमेची बाजू. म्हणून ठिबकमधून आम्ल सोडताना जपा, ड्रिपरखाली सामू उतरला की तांबं मोकळं होतं. मर रोगासाठी मोरचुदाची आळवणी (द्रावण मुळाशी ओतणं) तर अशा जमिनीत नकोच. पिवळेपणा दिसला तर लोह फवारणीतून द्या.

आणि बोर्डो कालवण्याचा तो कोपरा: तिथली माती खरवडून शेतात पसरू नका. तिथे शेड घाला किंवा ट्रॅक्टर उभा करा.