खान्देशच्या काळ्या मातीत सोनचाफा कसा लावावा

आपल्याकडे सोनचाफा गेला की सगळे उन्हाला दोष देतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हे खरंच. पण माझं पहिलं कलम गेलं ते श्रावणात. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली, चिमटीत धरून ओढली की साल मोज्यासारखी निघून यायची. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं होतं. हे झाड मॅग्नोलियाच्या कुळातलं, सह्याद्री आणि हिमालयाच्या पायथ्याच्या ओल्या जंगलांतलं. त्याला ओल लागते, पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही.

म्हणून सगळी मेहनत खड्ड्यावर करा. उन्हाळ्यातच तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तापू द्या. तळाशी विटांचे तुकडे टाका. निघालेली काळी माती परत भरू नका; नदीकाठचा पोयटा किंवा लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा मिसळून भरा. भर जमिनीपेक्षा फूटभर उंच ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी बाजूला उतरेल.

रोप कलमीच घ्या. बियांचं रोप फुलायला बरीच वर्षं घेतं. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की लावा. श्रावणात कानबाईचा सण येईपर्यंत मुळं धरायला लागतात. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून फुटलेले धुमारे लगेच खुडायचे.

पहिले दोन उन्हाळे जपा. केळीच्या बागेला शेवरीचा आडोसा करतात, तसा पश्चिमेकडून आडोसा करा. बुंध्याला गोणपाट गुंडाळा, आळ्यात चार बोटं पाचोळा ठेवा, ठिबक असेल तर उत्तम. उन्हाळ्यात पानं बरीच गळतात. घाबरून पाणी वाढवू नका. फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

सर्वात जास्त छळतो तो पिवळेपणा. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की समजा लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही. त्यामुळे हिराकस (फेरस सल्फेट) नुसता मातीत टाकून उपयोग होत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दोन आठवड्यांनी पुन्हा. मुळाशी द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा, ते चुनखडीतही टिकतं. बोअरचं पाणी जड असेल तर छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवा आणि आधी चाफ्याला द्या.

छाटणी जवळपास नकोच. वाळकी फांदी तेवढी काढा.