सान झकारियाला जाताना सुटी नाणी जवळ ठेवा

व्हेनिसमध्ये सेंट मार्कच्या चौकापासून पाचेक मिनिटांवर सान झकारिया आहे. आज तिथल्या वस्तीचं पॅरिश चर्च, पूर्वी बेनेडिक्टाइन नन्सच्या मठाचं. आत शिरायची घाई करू नका, आधी समोरच्या चौकातून दर्शनी भिंत बघा. खालचा भाग गाम्बेल्लोने गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन वळणाने बांधला. 1481 मध्ये तो वारला आणि वरचं काम कोदुस्सीने रनेसान्स, म्हणजे प्रबोधनकाळातल्या पद्धतीने पुरं केलं. दोन गवंड्यांचे दोन हात सरळ कळतात.

खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. मिस्सा चालू असेल तर फिरू नका, मागच्या बाकावर गप्प बसा.

मग डाव्या हाताचं दुसरं वेदीस्थान. जोव्हान्नी बेल्लिनीचं मेरी आणि संतांचं 1505 सालचं चित्र तिथेच आहे. अंधार असतो. शेजारच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. माझ्याकडे पहिल्यांदा दोनच नाणी होती. दुसरा दिवा गेला तेव्हा मी नुकती देवदूताच्या वाद्यापर्यंत पोचले होते! म्हणून पहिल्या नाण्यात माणसं बघूच नका. चित्राच्या बरोबर समोर, चार पावलं मागे उभं राहून कडा बघा. चौकटीचे दगडी खांब खरे, आतले रंगवलेले, पण दोन्ही इतके जुळतात की भिंत आत खोल गेल्यासारखी वाटते. दोन्ही बाजूंच्या फटींतून झाडं आणि आकाशही दिसतं.

दुसऱ्या नाण्यात संत ओळखा: डावीकडे किल्ली घेतलेला पीटर, त्याच्याशेजारी मोडक्या चाकाची कॅथरीन, मग लूसी, आणि उजवीकडे तांबड्या झग्यात वाचत उभा जेरोम. लूसीच्या हातातल्या काचेच्या भांड्यात तिचेच डोळे आहेत. ते शोधायला मला तिसरं नाणं लागलं, तेही एका अनोळखी आजोबांनी दिलेलं. मेरीच्या डोक्यावर दोरीला टांगलेलं अंडं शहामृगाचं आहे. नेपोलियनच्या सैन्याने हे चित्र पॅरिसला नेलं होतं. ते परत आलं, हे आपलं नशीब.

नाणी संपली की याच चर्चमधल्या सान तारासिओच्या चॅपेलचं वेगळं तिकीट काढा. छतावर चित्रकार कास्तान्योची 1442 ची भित्तिचित्रं आहेत, मान दुखेस्तोवर वर बघा. तिथूनच खाली तळघर. जुन्या डोजांच्या, म्हणजे व्हेनिसच्या शासकांच्या कबरी तिथे आहेत आणि जमिनीवर बहुधा पाणी असतं. शेवटच्या कोरड्या पायरीवरच थांबा. बुटके खांब पाण्यात उलटे दिसतात.