ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारा संगणक

सकाळी दुकान उघडायचं, बटण दाबायचं आणि संगणक जागा होईपर्यंत गिऱ्हाईकाकडे बघून हसत राहायचं. हा रोजचा वेळ वाचवता येतो, आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्येच, गजर असतो.

१. संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, म्हणजे बायोस उघडेल.

२. पॉवर किंवा एपीएम नावाच्या भागात ‘रिझ्यूम बाय आरटीसी अलार्म’ किंवा ‘पॉवर ऑन बाय आरटीसी’ शोधा (आरटीसी म्हणजे संगणकाच्या आतलं घड्याळ). प्रत्येक मदरबोर्डवर नाव थोडं निराळं असतं. ‘आरटीसी’ किंवा ‘अलार्म’ हे शब्द दिसले की समजा सापडलं.

३. ते एनेबल करा आणि वेळ भरा. घड्याळ २४ तासांचं असतं. रोज हवं असेल तर ‘एव्हरी डे’ निवडा. काही बोर्डांवर तारखेच्या जागी ० ठेवलं की तेच होतं.

४. त्याच भागात ‘ईआरपी’ (वीज वाचवणारी सेटिंग) असेल तर ते बंद ठेवा. ते चालू असलं की गजर बहुधा वाजतच नाही. माझे दोन दिवस यातच गेले.

५. एफ१० दाबून सेव्ह करा. पाच मिनिटांनंतरची वेळ लावून, संगणक नीट शट डाऊन करून एकदा पाहा.

विंडोजसोबत लिनक्सही असेल तर बायोसचं घड्याळ साडेपाच तास मागे असू शकतं, ते आधी तपासा.

आणि हो, रात्री भिंतीवरचा स्विच बंद करायची आपली सवय इथे मोडावी लागते. वीजच नसेल तर गजर काय करणार!