पगारबदलाचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

एखाद्याचा ग्रॉस, म्हणजे कपातींआधीचा एकूण पगार, जूनमध्ये ४०,००० आणि जुलैमध्ये ५६,००० दिसला की पेरोलमध्ये गडबड झाली म्हणून फाइल अडवली जाते. बहुतेक वेळा गडबड नसते, एरिअर्स (मागच्या महिन्यांच्या फरकाची थकबाकी) असतात. वाढ १ एप्रिलपासून लागू, पण मंजुरी जुलैत आली. नवा ग्रॉस ४४,०००, म्हणजे खरी वाढ १० टक्के. एप्रिल, मे, जूनचे फरकाचे ४,००० प्रमाणे १२,००० रुपये जुलैत एकदम पडले. रिपोर्टने दोन महिन्यांत प्रत्यक्ष दिलेल्या रकमांची तुलना केली, म्हणून वाढ ४० टक्के दिसली. टक्केवारी काढायची ती ठरलेल्या मासिक दरावर, हातात पडलेल्या रकमेवर नाही.

आता याच माणसाने मेमध्ये ३ दिवस बिनपगारी रजा घेतली असेल, तर मेचा फरक ४,००० × २८ ÷ ३१, म्हणजे ३,६१३ रुपये. एकूण एरिअर्स ११,६१३. सिस्टिम पूर्ण १२,००० दाखवत असेल तर जुन्या महिन्यांची हजेरी हिशेबात आलेली नाही. ही चूक सहज नजरेतून सुटते, म्हणून आधी तीच तपासा.

दुसरी मोठी चूक फिल्टरची. वाढ लागू होण्याची तारीख वेगळी आणि एन्ट्रीची, म्हणजे सिस्टिममध्ये नोंद झाल्याची, तारीख वेगळी. लागू तारखेला १ ते ३१ जुलै फिल्टर लावला, तर वरची वाढ रिपोर्टमध्ये येणारच नाही. ऑडिटसाठी एन्ट्रीच्या तारखेने काढा, दर पाहायला लागू तारखेने. एकाच लागू तारखेच्या दोन ओळी दिसल्या तर बेरीज करू नका. बढतीची एन्ट्री आणि नंतरची दुरुस्ती अशी ती जोडी असू शकते. शेवटची मंजूर ओळ धरा.

सरासरी काढतानाही जपा. २०,००० चे २४,००० झाले, ही २० टक्के वाढ. १ लाखाचे १,०५,००० झाले, ही ५ टक्के. टक्क्यांची सरासरी १२.५ येते, पण पगाराचा एकूण खर्च १,२०,००० वर ९,००० ने, म्हणजे ७.५ टक्क्यांनीच वाढला. बजेटला हाच आकडा द्या. नव्याने रुजू झालेल्यांचा जुना पगार शून्य असतो, त्यांना या हिशेबातून वगळा.

कपातींबद्दल कर्मचाऱ्यांचे प्रश्न हमखास येतात. ग्रॉस २०,५०० वरून जुलैत २२,००० झाला, २१,००० ची मर्यादा ओलांडली, तरी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ संपेपर्यंत पूर्ण २२,००० वर ०.७५ टक्के, म्हणजे १६५ रुपये कापले जातात. पीएफ पूर्ण बेसिकवर (मूळ पगारावर) असेल तर बेसिकच्या २,००० वाढीमागे २४० रुपये जास्त जातात. १५,००० च्या मर्यादेवर असेल तर १,८०० जसेच्या तसे राहतात. महाराष्ट्रात फेब्रुवारीचा व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० असतो, त्यामुळे त्या महिन्यात हातात १०० रुपये कमी आले तरी ती पगारकपात नाही.