मोबाइलवर घरची फिजिओथेरपी : या चुका टाळा

घरी दिलेले व्यायाम बुडतात, ही आम्हा फिजिओथेरपिस्टांची जुनी रड. दीर्घ आजारांत विकसित देशांतले सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलं होतं. आता मदतीला ॲप, व्हिडिओ आणि घड्याळं आली आहेत. तरी व्यायाम बुडतातच, फक्त बुडण्याच्या तऱ्हा बदलल्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'व्यायाम झाला' असं बटण दाबल्यावर ॲपमध्ये उमटणाऱ्या हिरव्या टिकेवर (✓) विश्वास ठेवणं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या एका काकांनी मला चौदा दिवसांच्या चौदा टिका अभिमानाने दाखवल्या. "करून दाखवा बरं," म्हटलं, तर पाय उचलताना गुडघा वाकलेला आणि मांडी सैल! पाय झोक्यासारखा वर जाऊन धपकन खाली येत होता. खरं तर आधी मांडी घट्ट आवळायची, गुडघा सरळ ठेवायचा, पाय दुसऱ्या दुमडलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत न्यायचा, पाच आकडे थांबायचं आणि सावकाश खाली आणायचा. ॲपला यातलं काहीच दिसलं नव्हतं, त्याला कळलं ते एवढंच की काकांनी बटण दाबलं. टिकेपेक्षा आठवड्यातून एकदा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून थेरपिस्टला पाठवा.

तो व्हिडिओही बहुतेक जण समोरून काढतात. गुडघा किती वाकतो हे बाजूनेच दिसतं. फोन हातात न धरता पलंगाच्या उंचीवर टेकवून ठेवा, नितंबापासून पावलापर्यंत सगळा पाय चौकटीत येऊ द्या आणि खिडकी पाठीमागे नको. सेल्फी कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसू शकतं, म्हणून कोणता पाय ते तोंडाने बोला. कॅमेऱ्यावरून सांधे ओळखणारी ॲपही आहेत. गुगलचं मीडियापाइप हे सॉफ्टवेअर शरीरावर ३३ बिंदू टिपतं, त्यावरून कोनाचा अंदाज येतो. पण स्नायू आवळला का, कळ आली का, हे बिंदूंना कुठून कळणार?

अलार्मचं म्हणाल, तर सकाळी सातचा अलार्म तिसऱ्या दिवसापासून आपोआप बंद केला जातो, हातालाच सवय लागते. त्यापेक्षा रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला व्यायाम जोडा, उदाहरणार्थ दात घासल्यावर लगेच. अलार्म त्या वेळेनंतर पाच मिनिटांनी वाजेल असा लावा, म्हणजे राहून गेलं असेल तर तो आठवण करेल.

मनगटावरच्या घड्याळाची पावलं व्यायामात धरू नका. झोपून केलेले व्यायाम त्यात येत नाहीत, आणि बाजारहाट येते.

सलग दिवसांच्या आकड्याचा मोह मात्र धोक्याचा. "एकवीस दिवस झालेत, आज कसा सोडू?" म्हणून सुजलेल्या गुडघ्यावर सगळे सेट उरकणारे मी पाहिलेत. व्यायामाआधी, नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं शून्य ते दहा यांत किती, ते लिहून ठेवा. सकाळी आकडा चढलेलाच असेल तर थेरपिस्टला विचारून व्यायाम कमी करा. पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ॲप बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जा.

आणि बुडलेल्या दिवसाचं कारण लिहा, नुसतं 'नाही केलं' नको. एका आजींना आठवणीचे मेसेज जायचे, मुलगी फोन करायची, तरी व्यायाम होईना. शेवटी त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला, "खाली बसल्यावर उठवत नाही रे बाबा." व्यायाम दाखवणाऱ्या व्हिडिओतली तरुणी चटईवर होती, म्हणून आजीही जमिनीवर बसायला बघत होत्या. तेच व्यायाम पलंगावर करून दाखवणारा नवा व्हिडिओ मी माझ्याच फोनवर काढून पाठवला. मेसेज तेच राहिले, पण व्यायाम सुरू झाले.