घरी बनवलेला प्रोग्रामर चिप ओळखत नाही? थांबा, या चुका टाळा

"काका, तिन्ही चिपा मेल्या." पुतण्याचा फोन. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) स्वतःच यूएसबीएएसपी, म्हणजे कॉम्प्युटरवरून चिपमध्ये प्रोग्राम भरणारा प्रोग्रामर, बनवलाय, आणि आता तीन अ‍ॅटमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलर कचऱ्यात टाकायला निघालेला. म्हटलं टाकू नकोस लेका, सगळं घेऊन उद्यमनगरला शेडवर ये.

तिन्ही जिवंत होत्या. माझा अनुभव सांगतो, दहातल्या नऊ वेळा चिप मेलेली नसते, आपली वायरिंग चुकलेली असते.

पहिली चूक त्यानं केली तीच मीही केली होती. दहा पिनांचा हेडर. आकृती वरून बघून काढलेली, सोल्डरिंग आपण पालथं घालून करतो, म्हणजे डावं उजवीकडं जातं. त्यानं एक नंबरच्या जागी दोन नंबर धरला आणि मग पुढची सगळी रांगच उलटी, मॉसीच्या (चिपकडं डेटा नेणारी लाइन) जागी पाच व्होल्ट, रिसेटच्या जागी ग्राउंड. स्क्रीनवर काय, तर टार्गेट डझन्ट आन्सर. कसं आन्सर देणार बिचारं? त्यामुळं पॉवर द्यायच्या आधी मल्टीमीटर बीपवर टाका, एक टोक हेडरच्या पिनला आणि दुसरं थेट चिपच्या पायाला लावा, केबलच्या टोकाला नाही. ३२८पीला रिसेट १, मॉसी १७, मिसो (चिपकडून डेटा आणणारी लाइन) १८, एससीके (क्लॉकची लाइन) १९. आणि सिरियल पोर्टच्या टीएक्स-आरएक्ससारखं इथं क्रॉस करायचं नसतं बरं का, मॉसी मॉसीलाच, मिसो मिसोलाच जातं, यात लई जण फसतात.

पॉवरचं बघा. ७ नंबरला व्हीसीसी दिलं की झालं असं नाही, २० नंबरच्या एव्हीसीसीलाही द्यायचं, ८ आणि २२ दोन्ही ग्राउंड जोडायचे, चिपच्या अगदी जवळ १०४ चा (०.१ मायक्रोफॅरॅडचा) कपॅसिटर टाकायचा. वायरी वीतभरच ठेवा. आमच्याकडं शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की लांब जंपरवर व्हेरिफिकेशन एरर हमखास यायचा, वायर तोडून छोटी केली आणि थांबला.

कॉम्प्युटर प्रोग्रामरलाच ओळखत नसेल तर झेनर डायोड बघा. यूएसबीच्या डेटा लाइनवर ३.६ व्होल्टचे दोन झेनर लागतात, आणि ते अर्ध्या वॅटचे किंवा त्याहून कमी. दुकानात मागितलं की एक वॅटचे हातात पडतात, आपणही मोठा म्हणजे मजबूत असं समजून घेतो. पण मोठ्या झेनरची कपॅसिटन्स जास्त असते, सिग्नल बिघडतो, आणि "डिव्हाइस नॉट रेकग्नाइझ्ड" येतच राहतं. अर्धा दिवस मी ड्रायव्हर टाकत बसलो होतो या नादात.

आर्डुइनो युनोचाच प्रोग्रामर केला असेल तर रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा, प्लस रिसेटला. नाहीतर पोर्ट उघडला की युनो स्वतःच रिसेट होतो, त्यातला बूटलोडर (नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम) मध्ये येतो, आणि नॉट इन सिंक असा एरर. पण युनोत स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) टाकताना तो काढून ठेवायचा, हे विसरलं की स्केच अपलोडच होत नाही.

आता वेग. नवी चिप फॅक्टरीतून १ मेगाहर्ट्झवर येते, आणि एससीके तिच्या चौथाईपेक्षा कमी पाहिजे, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत. यूएसबीएएसपी साधारणपणे ३७५ ला चालतो. मग अ‍ॅव्हआरड्यूडला (चिपमध्ये प्रोग्राम पाठवणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) मायनस बी १० द्या, नाहीतर बोर्डवरचा स्लो जंपर लावा. नुसत्या एवढ्यानं पहिली चिप बोलली, १ई ९५ ०एफ, म्हणजे ३२८पीची ओळखखूण! दुसरी पण. पोरगं उड्या मारायला लागलं.

तिसरी मात्र गप्प. विचारलं तर म्हणतो, "कॉलेजच्या प्रोग्रामरवर फ्यूज बदलले होते." इथंच गंमत आहे, फ्यूजमध्ये (चिपमधल्या सेटिंगच्या बिटांमध्ये) शून्य म्हणजे चालू आणि एक म्हणजे बंद, आणि माणूस उलटं समजून बसतो. त्यानं बाहेरचा क्रिस्टल निवडला होता आणि ब्रेडबोर्डवर क्रिस्टल नव्हताच, मग क्लॉक कुठून येणार. ९ आणि १० नंबरला १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन २२ पीएफचे कपॅसिटर, झालं, उठली. रिसेट डिसेबलचा फ्यूज मात्र चुकूनही लावू नका, मग १२ व्होल्टचा हाय व्होल्टेज प्रोग्रामर लागतो, यूएसबीएएसपीच्या हातचं काम राहत नाही ते.

तिसरी उठली ती पण १ई ९५ १४ म्हणून. म्हणजे ३२८पी नाही, साधी ३२८. अशा वेळी पोरं मायनस एफ (ओळख जुळली नाही तरी पुढं जा, असा पर्याय) टाकून पुढं ढकलतात, तसं करू नका, पार्ट म्हणून एम३२८ निवडा, प्रोग्राम सरळ जातो.